वारसाचा पंचनामा

कमल सोमकुंवर गेली तेव्हा तिच्या घराच्या चारही भिंती पुऱ्या झाल्या होत्या आणि वर छत नव्हतं. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या त्या वस्तीत आवास योजनेची अशी घरं बरीच होती. एक हप्ता जमा होतो, तेवढं काम उठतं, मग पुढच्या हप्त्यापर्यंत रेती आणि गिट्टी अंगणात पडून राहते आणि लेकरं तिच्यावर खेळतात. जुनं कवेलूच्या छपराचं घर पाडल्याशिवाय नवं उभं राहत नाही, म्हणून मधले महिने माणसं बाजूलाच टिनाच्या शेडमध्ये काढतात. कमलनंही शेड टाकलं होतं. जानेवारीतल्या एका सकाळी ती भिंतींवर पाणी मारायला उठली नाही. समोरच्या घरातल्या कवडूबाबांनी दोनदा हाक मारली आणि मग टिनाचं दार ढकललं.

प्रज्ञा ही तिची एकुलती एक मुलगी. पांढुर्ण्याला सरकारी शाळेत गणित शिकवायची, तिथंच दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. चाळिशीला आली होती. लग्नाचं वय कधी येऊन गेलं ते दोघींनीही फारसं मनावर घेतलं नव्हतं. आदल्या रविवारी ती आईला म्हणाली होती, "थंडी आहे. दोन महिने माझ्याकडे चल."

"अन सिमेंटाच्या थैल्या कोण पाहीन? तुह्या शाळेचा चपराशी?"

"कवडूबाबा पाहतील."

"कवडूले स्वतःचे चप्पल सापडत नाही. तू जाय. मी पाणी मारून राहिली इथं सकाळ-संध्याकाळ, म्हणून भिंती पक्क्या होऊन राहिल्या. गवंड्यानं सांगितलं, मावशी, असं पाणी इंजिनिअर बी मारत नाही."

प्रज्ञानं तेव्हा फार आग्रह केला नाही. हे तिला आता रोज आठवायचं. आठवलं की ती हातातलं काम थांबवत नसे, फक्त हळू करत असे.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि महिनाअखेरीस प्रज्ञा मृत्यूचा दाखला घेऊन पालिकेत गेली. छताचा हप्ता तेवढा यायचा होता. आवासच्या फायली नितीन नावाचा एक कंत्राटी इंजिनिअर सांभाळत होता. त्यानं खुर्ची पुढे केली.

"मावशींचं ऐकलं. मी तीनदा आलो होतो साइटवर. तिन्ही वेळा चहा पाजल्याशिवाय फोटो काढू दिला नाही." मग फाइल ओढत त्यानं विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

"मुलगी."

नितीननं पानं उलटली आणि एका पानावर तो थांबला. त्यानं दाराकडे पाहिलं, मग फाइल तिच्याकडे फिरवली.

ते शपथपत्र होतं, हिंदीत टाइप केलेलं. मी निराधार विधवा आहे, एकटी राहते, निःसंतान आहे, मला कोणी वारस नाही. खाली आईची सही. क जरा मोठा, म आणि ल उतरत गेलेले. ही सही प्रज्ञानंच पाचवीत असताना आईला शिकवली होती, पाटीवर, महिनाभर.

"मला वाटलं होतं यांना कोणीच नाही," नितीन म्हणाला.

प्रज्ञानं ते पान दोनदा वाचलं. मुलांचे पेपर तपासावेत तसं, ओळीखाली बोट धरून.

"आता?" तिनं विचारलं.

नितीननं आवाज खाली आणला. "तुम्ही मुलगी म्हणून अर्ज केला तर फाइल वर जाईल. शपथपत्र खोटं निघेल. मिळालेले हप्ते परत मागतील, जागेचा पट्टा रद्द होईल, भिंतीवर नोटीस लागेल. मूलबाळ नसेल तर मात्र नवऱ्याकडचा जवळचा नातेवाईक चालतो. शेजारचे पाच पंच सांगतात, पंचनामा होतो, त्याचं नाव चढतं, छताचा हप्ता येतो."

"नवऱ्याकडचा कोण?"

"ते तुम्हालाच ठाऊक. फक्त मार्चच्या आधी काय ते करा. आणि मॅडम, पंचनाम्याला मी येणार नाही, साहेब येतील. तुम्ही आज मला भेटलाच नाहीत."

तो भला माणूस होता. ती उठताना तोही उठून उभा राहिला.

पालिकेतून बसस्टँडपर्यंतच्या वाटेत प्रज्ञाला दोन वर्षांपूर्वीची दुपार आठवली. आठवीचा वर्ग, फळ्यावर अपूर्णांक, आणि आईचा फोन. "एक नंबर आला असन तुह्या मोबाइलवर. वाच बरं." प्रज्ञानं एका हातात खडू धरून सहा आकडे वाचून दाखवले होते. कशाचे, हे विचारलंही नव्हतं. संध्याकाळी आईनं सांगितलं, सरकारी कुटुंबनोंदीतून, समग्र आयडीतून तुझं नाव वेगळं केलं. कुटुंबात सरकारी नोकर असला की घर मिळत नाही म्हणाले.

"म्हणजे मी वेगळी निघाली," प्रज्ञा म्हणाली होती.

"हाव. वेगळी निघाली, अन एक भांडं बी नेलं नाही. अशी सून भेटाव लोकायले."

दोघी फोनवर किती तरी वेळ हसल्या होत्या. ते खरंच हसण्यासारखं होतं. त्याआधी प्रज्ञानं नागपूरला फ्लॅट घ्यायचं काढलं होतं, कर्जाचे कागदही आणले होते. आईनं ते नीट घडी घालून परत दिले. "तुह्या घरात मी पाहुणी होईन. पाहुणीले भांड्याचा आवाज करता येत नाही. सरकार देऊन राहिलं ना मले? मी मागितलं, मले भेटलं. आजवर जे भेटलं ते कोणाच्या ना कोणाच्या हातून भेटलं, बाई. हे एक माह्या नावानं होऊ दे."

वेगळं नाव म्हणजे वेगळं नाव, एवढंच प्रज्ञाला माहीत होतं. निःसंतान हा शब्द त्या दुपारच्या सहा आकड्यांत नव्हता.

आईचे सगळे कागद जिथं व्हायचे ते भैय्याजींचं ऑनलाइन सेंटर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. अर्ज, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, रिचार्ज. प्रज्ञाला पाहून भैय्याजींनी हात जोडले आणि झेरॉक्सचं मशीन चालूच ठेवलं.

"आईचं शपथपत्र तुम्ही केलं होतं?"

"मीच सगळ्यायचे करतो, मॅडम."

"निःसंतान कोणी लिहायला सांगितलं?"

"पाहा, मॅडम. तुमचं नाव वेगळं झालं तरी यादीत मावशीचा नंबर खालीच होता. निराधार असली, मागं कोणी नसलं, तर वर येते. मी म्हटलं काम पक्कं करून देऊ. त्यात माझे काही दहा रुपये बी जास्त नव्हते."

"तिला वाचून दाखवलं होतं का?"

भैय्याजींनी मशीन बंद केलं.

"दाखवलं. हिंदी होतं तं समजावून बी सांगितलं. मी च्या मागवला होता, तो तसाच राहिला. मंग विचारलं, हे माह्या पोरीच्या कम्प्युटरात दिसन का? मी म्हटलं, नाही दिसत. मंग सही केली."

प्रज्ञानं मान हलवली. ती निघणार तोच भैय्याजी म्हणाले, "गेली होती ती. पायरीवरून वापस आली. म्हणे, भैय्याजी, तेवढा एक शब्द खोडता येते का? मी म्हटलं, मावशी, आता ऑनलाइन गेलं."

प्रज्ञानं किती झाले असं विचारलं, सवयीनं. भैय्याजी म्हणाले, कशाचे. मग ती बाहेर आली आणि पांढुर्ण्याची बस लागलेली असूनही वस्तीकडे चालू लागली.

उत्तम अंगणात होता. उत्तम म्हणजे तिच्या काकाचा मुलगा, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. संत्र्याच्या हंगामात गाड्या भरायचा, बाकीचे महिने मिळेल ते करायचा. तो, त्याची बायको तृप्ती आणि दोन मुली एका भाड्याच्या खोलीत राहत होते. आई गेल्यापासून भिंतींवर पाणी तोच मारत होता. कोणी सांगितलं नव्हतं.

"आता कायले मारतो?" प्रज्ञा म्हणाली. "एकवीस दिवस झाले की पुरे असतं."

"काकू मारत होती म्हणून." त्यानं पाइप खाली ठेवला. "बंद करू का?"

"राहू दे."

समोरच्या ओट्यावरून कवडूबाबा काठी टेकत आले. ते पालिकेत सफाई जमादार होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी वस्तीत कोणाच्या घरी कोणता कागद आला हे त्यांना आधी कळायचं. नितीननं सांगितलेलं सगळं प्रज्ञानं त्यांना सांगितलं. शपथपत्रातला शब्द सांगताना तिनं पायाजवळच्या गिट्टीकडे पाहिलं.

कवडूबाबांनी दाढी खाजवली. "माहीत होतं मले," ते म्हणाले.

"तुम्हाला होतं?"

"सांगितलं होतं तिनं. कोणाले तरी सांगाव लागते. म्हणे, कवडूभाऊ, मी पाप केलं. मी म्हटलं, पाप-पुण्य आपल्यात नाही वं, बाबासाहेबानं सोडवलं आपल्याले त्यातून. तं म्हणे, मंग हे छातीत काय अडकून राहिलं?"

उत्तमनं पाइप पुन्हा उचलला आणि घराच्या मागच्या बाजूला गेला.

"त्याचं नाव चढवता येते," कवडूबाबा म्हणाले. "तो मागणार नाही तोंडानं. गरीब आहे पोट्टं. अन तुले मी सांगत नाही का असंच कर. तुह्या मनात असन तं जाय अन लिहून दे का मी मुलगी आहे. खरंच आहे ते. पण मंग हे भिंती पाडतीन नाही तं अशाच सोडतीन. अन वर कागद लागन, कमल सोमकुंवरनं सरकारले फसवलं."

प्रज्ञा पुढचे दहा दिवस शाळेत गेली, घटक चाचणीचे पेपर तपासले, गुण भरले. पैशांचा प्रश्न नव्हता. हप्ते परत द्यायचे तर ती देऊ शकली असती. पण भिंतीवर लागलेली नोटीस तिला पैशानं काढता आली नसती. तिनं मुलगी असल्याचं सांगितलं की आई कागदावर खोटी ठरत होती. आई खरी ठरायची असेल तर प्रज्ञा जन्मलीच नव्हती. तिसरी वाट तिनं पुष्कळ शोधली. मुलांना ती सांगायची, उत्तर येत नसेल तर आधी प्रश्न पुन्हा वाचा. तिनं पुन्हा पुन्हा वाचला. प्रश्न तोच होता.

एका मधल्या सुट्टीत तिनं उत्तमला फोन लावला. "तुझे कागद तयार ठेव."

"ताई, मले नको," उत्तम म्हणाला. "लोक काय म्हणतीन?"

"लोकच पंच आहेत."

"तुले काय राहीन मंग?"

"तू कागद तयार ठेव," ती म्हणाली.

पंचनामा फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ठेवला होता. प्रज्ञानं यायला नको, असं सगळ्यांचं मत पडलं. ती सरकारी नोकर. असल्या ठिकाणी दिसली आणि उद्या कोणी बोट दाखवलं तर नोकरीवर यायचं. तिलाही ते पटत होतं. तरीही शनिवारी सकाळी ती बसमध्ये बसली. तिथं काय बोललं जाईल ते तिला माहीत होतं, पण ते तिच्या माघारी बोललं जावं हे तिला सोसवेना.

अंगणात सतरंजी अंथरली होती. पाचही पंच येऊन बसले होते. कवडूबाबा, वस्तीतले आणखी तिघं आणि देवकाबाई. देवकाबाईनं आणि आईनं संत्र्याच्या मंडीत वीस वर्षं शेजारी बसून फळं निवडली होती. प्रज्ञा जन्मली तेव्हा सव्वा महिना तिला न्हाऊ-माखू घातलं ते देवकाबाईनं. प्रज्ञा फाटकातून आत येताना दिसली तशी ती म्हणाली, "आली पाहा. हिले सांगून काही उपयोग आहे का? मायवर गेली." आणि पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहू लागली.

साहेब साडेअकराला आले. जबलपूरकडचे होते, बदली होऊन दोनच महिने झालेले. घाईत होते, पण वागायला बरे. सतरंजीवर बसून त्यांनी पॅड काढलं आणि उजव्या हाताचं मनगट दाखवलं. त्यावर पट्टी होती. "गाडी से फिसल गया था. कोई साफ लिखने वाला है? हिंदी में?"

उत्तमनं मान खाली घातली. पंचांपैकी तिघांना सही येत होती, तेवढीच.

"हे लिहीन," कवडूबाबा काठीनं प्रज्ञाकडे दाखवत म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. प्रज्ञानंही. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो साहेबांना म्हणाला, "मास्तरीण आहे, साहेब. अक्षर मोत्यासारखं." मग तिच्या बाजूला कलून अगदी हळू बोलला, "परका लिहीन तं कसं बी लिहीन तिचं नाव. तू नीट लिही. सही करू नको, फक्त लिही."

प्रज्ञानं पॅड मांडीवर घेतलं. साहेब सांगत गेले, ती लिहीत गेली. आज दिनांक अमुक, स्थळ अमुक, मौके पर उपस्थित पंच. मृतका कमल, बेवा मोतीराम सोमकुंवर. वडिलांचं नाव लिहिताना तिचा हात थांबला नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं. मृतका के पति का देहांत पहले हो चुका है.

"संतान?" साहेबांनी पंचांकडे पाहून विचारलं.

हेच एक उत्तर पाचही जणांनी ठरवून ठेवलं होतं. पण तेव्हा ती समोर बसलेली असणार नव्हती. आता कोणी तोंड उघडेना. कवडूबाबांची काठी सतरंजीवर आडवी पडली होती, ते ती उगाच सरळ करत राहिले. मागच्या भिंतीआड तृप्ती धाकट्या मुलीला काहीतरी दटावत होती, तेवढाच आवाज.

साहेबांनी पॅडवरून डोळे उचलले. "बच्चे थे या नहीं? इतना सोचने वाली क्या बात है?"

"नहीं थे, सर," प्रज्ञा म्हणाली. "कोई बच्चा नहीं था."

"आपसे नहीं, मॅडम. पंचों को बोलना पड़ता है."

"हाव, साहेब," कवडूबाबा म्हणाले. मग त्यांनी खाकरून नीट सांगितलं. "नव्हतं. मूलबाळ नव्हतं तिले."

बाकीच्यांनी माना हलवल्या. देवकाबाईनंही हलवली, एकदाच.

प्रज्ञानं ते वाक्य लिहिलं. वळणदार, सरळ रेषेत, जसं ती फळ्यावर लिहायची. मग पुढचं लिहिलं, की मृतकेच्या पतीचा पुतण्या उत्तम हा एकमेव जवळचा वारस असून तोच तिची देखभाल करत होता. देखभालीचं वाक्य नमुन्यातच होतं. तिथं मात्र तिनं पेन उचललं, टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि लिहिलं.

साहेबांनी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. सह्यांच्या आधी वाचून दाखवावं लागतं. तिघांनी सह्या केल्या, दोघांनी अंगठे दिले. देवकाबाईचा अंगठा नीट उमटला नाही. संत्री हाताळून हाताळून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. साहेबांनी दुसऱ्यांदा दाबून घेतला. उत्तमची सही शेवटी झाली. सही करून तो उठला आणि थेट मोरीकडे गेला. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

"अच्छा लिखा है आपने," साहेब कागदाची घडी घालत म्हणाले. "आप यहीं की हैं?"

"नहीं. पांढुर्णा."

"अच्छा, अच्छा. फिर आज यहाँ?"

"लिहायले बोलावली होती," कवडूबाबा घाईनं म्हणाले. "आपल्यात कोणाले येते, साहेब?"

साहेबांना पटलं. छताचा हप्ता महिन्याभरात येईल, स्लॅब पडली की कळवा, असं ते उत्तमच्या दिशेनं बोलले. तेवढ्यात तृप्ती चहा घेऊन आली. ट्रे देवकाबाईनं आपल्या हातात घेतला. पहिला कप साहेबांना दिला. मग ती प्रज्ञासमोर आली. ह्या मुलीला ती आयुष्यभर पोट्टे, बाई, नाही तर पगले म्हणत आली होती. साहेब अजून सतरंजीवरच होते, कपात फुंकर घालत, इकडेच पाहत.

"मॅडम," देवकाबाई म्हणाली, "च्या घ्या."

प्रज्ञानं कप घेतला. "हो," ती म्हणाली. "घेते." आणि साहेबांची गाडी वस्तीच्या बाहेर जाईपर्यंत तो तसाच धरून बसली.